वैमानिकाची चूक : अपुरा निष्कर्ष

विमान अपघाताची बातमी आली की पणजीपासून पेडण्यापर्यंत एकच निष्कर्ष ऐकू येतो : वैमानिक चुकला, विषय संपला. हा समज अपुरा आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे १५८ जणांचा बळी घेणाऱ्या अपघातात, सहवैमानिकाने तीनदा उतरणे रद्द करण्यास सुचवूनही कप्तानाने विमान उतरवण्याचा हट्ट सोडला नाही, हे चौकशीत स्पष्ट झाले. परंतु तोच कप्तान प्रवासात बराच वेळ झोपला होता आणि मंगळूरचे रडार नादुरुस्त असल्याने विमानाला खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा मिळाली होती, हेही त्याच अहवालात नोंदलेले आहे. कनिष्ठाचा इशारा वरिष्ठाने मानावा (आपल्याकडील मानमरातब पाहता हे सोपे नव्हे), यासाठी वैमानिकांना वेगळे प्रशिक्षण देतात. म्हणून गोव्याच्या दाबोळी विमानतळावर उतरता उतरता विमान उतरणे रद्द करून पुन्हा वर झेपावले, तर त्याला वैमानिकाचा नवखेपणा समजू नये.