इंग्रजी : परकीय भाषा म्हणून अध्ययन व अध्यापन

घरात, बाजारात किंवा राज्यकारभारात इंग्रजीचा वापर नसलेल्या समाजातील व्यक्तीने ती भाषा शिकणे, आणि अशा व्यक्तीला ती शिकवणे, असा या संज्ञेचा अर्थ आहे. इंग्रजी जिथे न्यायालयांची, प्रशासनाची किंवा उच्च शिक्षणाची भाषा असते, तिथे ती ‘द्वितीय भाषा’ मानतात. जपान किंवा ब्राझीलसारख्या देशांत ती ‘परकीय भाषा’ ठरते. भाषावैज्ञानिक ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजी वापरणाऱ्या देशांची अंतर्वर्तुळ (इंग्रजी मातृभाषा), बाह्यवर्तुळ (द्वितीय भाषा) आणि विस्तारणारे वर्तुळ (परकीय भाषा) अशी मांडणी केली. परकीय भाषा म्हणून इंग्रजी शिकणारे मुख्यतः तिसऱ्या वर्तुळात येतात. हा भेद नावापुरता नाही. द्वितीय भाषेच्या विद्यार्थ्याच्या कानावर वर्गाबाहेरही इंग्रजी पडत असते. परकीय भाषेच्या विद्यार्थ्याला मिळते ती आठवड्यातल्या काही तासांपुरती. त्या तासांत तो स्वतः किती इंग्रजी ऐकतो, वाचतो आणि बोलतो, की नुसते इंग्रजीविषयी ऐकतो, यावर पुढचे जवळजवळ सगळे ठरते.

युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामायिक आराखड्यात भाषाज्ञानाच्या सर्वांत प्राथमिक ए१ पासून सर्वांत वरच्या सी२ पर्यंत सहा पातळ्या आहेत. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाच्या अंदाजानुसार अगदी सुरुवातीपासून ए२ गाठायला १८० ते २००, बी१ साठी ३५० ते ४००, बी२ साठी ५०० ते ६०० आणि सी१ साठी ७०० ते ८०० तासांचे मार्गदर्शित शिक्षण लागते. आठवड्याला तीन तास आणि वर्षाला चाळीस आठवडे धरले, तर १२० तास होतात. म्हणजे बी२ ला साडेचार-पाच वर्षे. ‘तीन महिन्यांत अस्खलित इंग्रजी’ हा दावा या हिशेबात कुठेच बसत नाही. बी१ नंतर प्रगती थांबल्यासारखी वाटते, त्याचेही एक साधे कारण आहे. सुरुवातीला शिकलेला प्रत्येक शब्द रोज भेटतो. पुढे नवा शब्द पुन्हा भेटायला शेकडो पाने वाचावी लागतात.

पद्धतींचा इतिहास. एकोणिसाव्या शतकात लॅटिन शिकवण्याच्या धर्तीवर व्याकरण-भाषांतर पद्धती रूढ होती : नियम सांगायचा, शब्दांची यादी पाठ करून घ्यायची, वाक्यांचे भाषांतर करायचे. तिच्याविरुद्ध जर्मनीत विल्हेल्म फिएटर यांनी १८८२ मध्ये आवाज उठवला. १८७८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या बर्लिट्झ शाळांनी वर्गात फक्त शिकवायची भाषाच वापरण्याची प्रत्यक्ष पद्धती लोकप्रिय केली, तर १८८६ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या ध्वनिविज्ञान संघटनेने उच्चार लिहिण्याची आंतरराष्ट्रीय लिपी घडवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत वाक्यांचे साचे पुन्हा पुन्हा घोकून घेणारी श्रवण-भाषण पद्धती पुढे आली. तिचा पाया वर्तनवादी मानसशास्त्रात, म्हणजे शिकणे ही सवय लावण्याची क्रिया मानणाऱ्या विचारात, होता आणि नोम चॉम्स्की यांच्या १९५९ मधील टीकेने तो हादरला. १९७० च्या दशकात डेल हाइम्स यांच्या ‘संप्रेषणक्षमता’ या कल्पनेवर संप्रेषणात्मक पद्धती उभी राहिली. नियम माहीत असणे पुरेसे नाही, कोणाशी, कुठे, काय आणि कसे बोलावे हेही यायला हवे, हा तिचा गाभा. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत एन. एस. प्रभू यांनी राबवलेल्या प्रकल्पात व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून नकाशा वाचणे, वेळापत्रक लावणे अशा कृतींभोवती अभ्यासक्रम बांधला होता. कृती-आधारित अध्यापनाची चर्चा जगभर याच प्रयोगापासून सुरू होते. आज चांगले शिक्षक कोणत्याही एका पद्धतीला बांधलेले नसतात. घोकंपट्टीलाही जागा आहे, मात्र ती तासातली पाच मिनिटे असावी, पूर्ण तास नव्हे.

चुका आणि त्यांची मुळे. १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी मांडले की, विद्यार्थ्याची चूक म्हणजे त्याच्या मनात या क्षणी चालू असलेल्या नियमाचा पुरावा असतो. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या घडत्या भाषेला ‘आंतरभाषा’ म्हटले. ‘डिड यू वेंट?’ हे वाक्य घ्या. विद्यार्थ्याला भूतकाळ येत नाही असे यातून मुळीच दिसत नाही. त्याने तो दोनदा दाखवला आहे. ‘डिड’ने काळ उचलला की मुख्य क्रियापद मूळ रूपात परतते, एवढाच दुवा निसटलेला असतो. अशा विद्यार्थ्याला भूतकाळाच्या रूपांची यादी पुन्हा पाठ करायला लावली, तर ‘वेंट’ आणखी पक्के होते आणि चूक वाढते.

काही चुका मातृभाषेतून येतात. रशियन, जपानी, चिनी आणि मराठी या भाषांत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत; म्हणून या भाषकांकडून ‘अ’ आणि ‘द’ गळतात किंवा नको तिथे पडतात. काही चुका मात्र सर्वांच्याच असतात. ‘शी लाइक्स’मधला शेवटचा ‘स’ जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिल्याच महिन्यात शिकवतात, आणि जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या बोलण्यात तो फार उशिरा स्थिरावतो. कर्ता कोण हे ‘शी’ने आधीच सांगितलेले असते, तो ‘स’ अर्थामध्ये काहीच भर घालत नाही, म्हणून बोलण्याच्या घाईत मेंदू तो सोडून देतो. लेखनात तो तपासावा. बोलताना दर वेळी अडवून उपयोग नसतो.

दुरुस्ती कशी करावी, हा शिक्षकांपुढचा रोजचा प्रश्न. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास केला. तिथे शिक्षक बहुतेक वेळा विद्यार्थ्याचे वाक्य स्वतःच बरोबर करून म्हणत आणि पुढे जात; पण विद्यार्थ्याने स्वतःहून सुधारणा करण्याचे प्रमाण याच प्रकारात सर्वांत कमी होते. त्याला ते शिक्षकाचे उत्तर वाटते, दुरुस्ती वाटत नाही. त्यापेक्षा वाक्य चुकीच्या शब्दाच्या अलीकडे थांबवून ‘डिड यू...?’ असे विचारून वाट पाहणे बरे. ही वाट तीन-चार सेकंदांची हवी. शांतता अवघड वाटते म्हणून शिक्षक एका सेकंदातच उत्तर देऊन टाकतात.

उच्चार आणि लिपी. इंग्रजीत अक्षरे २६, तर प्रमाण ब्रिटिश उच्चारात ध्वनी ४४ मानले जातात : २० स्वर आणि २४ व्यंजने. पंधराव्या शतकानंतर छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू गोठले आणि दीर्घ स्वरांचे आणि ‘जी-एच’चे उच्चार मात्र बदलत राहिले. त्यामुळे ओ-यू-जी-एच ही चार अक्षरे ‘थ्रू’, ‘टफ’, ‘कॉफ’ आणि ‘दो’ या शब्दांत चार तऱ्हांनी उच्चारली जातात.

उच्चार स्वतःच्या लिपीत लिहून ठेवण्याची सवय सोयीची वाटते आणि महागात पडते. देवनागरीत ‘वेस्ट’ लिहिले, तर तो पश्चिम दिशेचा शब्द आहे, बंडीचा आहे की वाया जाण्याचा, हे सांगता येत नाही. इंग्रजीत हे तीन वेगळे उच्चार आहेत. पश्चिमेच्या शब्दात ओठ गोल होतात आणि दातांना लागत नाहीत. बंडीच्या शब्दात वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. वाया जाण्याच्या शब्दात स्वर ‘ए’वरून ‘इ’कडे सरकतो. ‘टेस्ट’ (चाचणी की चव) आणि ‘पेन’ (लेखणी की वेदना) यांचीही तीच गत, कारण इंग्रजीतील ऱ्हस्व ‘ए’ आणि सरकता ‘एइ’ या दोन्हींसाठी आपण एकच मात्रा वापरतो. इतर भाषकांच्या अडचणी वेगळ्या : जपानी विद्यार्थ्याला ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ऐकू येणे कठीण जाते, अरबी भाषक ‘प’च्या जागी ‘ब’ म्हणतो, स्पॅनिश भाषक ‘स्कूल’च्या आधी एक स्वर लावून ‘एस्कूल’ म्हणतो. अशा जोड्यांचा सराव आधी कानाने करावा. शिक्षकाने दोनपैकी एक शब्द म्हणायचा आणि विद्यार्थ्यांनी पहिला की दुसरा ते बोटाने दाखवायचे. दहापैकी आठ-नऊ वेळा बरोबर येईपर्यंत उच्चारायला लावू नये. कान जे ओळखत नाही, ते तोंडाला सहसा जमत नाही.

एकेका ध्वनीपेक्षाही बलाघात, म्हणजे उच्चारातला जोर, महत्त्वाचा. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असताना त्याच्या पहिल्या उच्चारखंडावर जोर येतो, क्रियापद असताना दुसऱ्यावर. वाक्यात ‘कॅन’, ‘टु’, ‘ऑफ’, ‘फॉर’ असे शब्द इतके आक्रसतात की त्यांचा स्वर अस्पष्ट ‘अ’ होऊन जातो. ‘आय कॅन डू इट’ म्हणताना ‘कॅन’वर पूर्ण जोर दिला, तर अनेक ऐकणाऱ्यांना तो ‘कान्ट’ वाटतो आणि अर्थ उलटतो. कागदावर ओळखीचे असलेले शब्द बोलण्यात न कळण्याचे मुख्य कारण हे आक्रसणेच आहे. उपाय म्हणून ध्वनिमुद्रणातले दहा-बारा सेकंद घेऊन ते चार-पाच वेळा ऐकावेत, ऐकू आले तसे लिहावेत आणि मग संहितेशी ताडून नेमके कुठे निसटले ते खूण करावे. अर्धा तास नुसते ऐकत राहण्यापेक्षा याचा फायदा जास्त होतो.

शब्दसंपत्ती. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २,००० नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये शैक्षणिक लेखनातील ५७० शब्दकुळांची यादी केली. शब्दकुळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपे. पॉल नेशन यांच्या २००६ मधील मोजणीनुसार कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुळे लागतात, बोललेले समजायला ६,००० ते ७,०००. मदतीशिवाय वाचणे म्हणजे मजकुरातले ९८ टक्के शब्द माहीत असणे. तीनशे शब्दांच्या पानावर तेव्हा सहा शब्द अनोळखी असतात. हेच प्रमाण ९० टक्के असेल, तर तीस शब्द अडतात, आणि वाचन संपून कोशात शोधाशोध सुरू होते. म्हणूनच सुरुवातीच्या विद्यार्थ्याच्या हाती मूळ साहित्यकृती देण्यापेक्षा मर्यादित शब्दांत लिहिलेली श्रेणीबद्ध वाचनपुस्तके द्यावीत, आणि तीही भरपूर.

शब्द एकटा शिकू नये, त्याच्या जोडीदारासह शिकावा. पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नसतो; चूक ‘मेक’ करतात, ‘डू’ नाही. वहीत ‘मिस्टेक : चूक’ असे लिहिण्याऐवजी ‘मेक अ मिस्टेक’ हा पूर्ण तुकडा लिहावा. उजळणी त्याच दिवशी, मग दोन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने करावी. दर वेळी अर्थ झाकून स्वतः आठवण्याचा प्रयत्न करावा. यादीवरून नुसती नजर फिरवली की शब्द ओळखीचा वाटतो, पण बोलताना ओठांवर येत नाही.

नवी रचना समजली का, हे पाहण्यासाठी ‘समजले का?’ असे विचारणे निरुपयोगी. सगळे ‘हो’ म्हणतात. अर्थाचे तुकडे करून विचारावे. ‘शी मॅनेज्ड टु ओपन द डोअर’ : दार उघडले का? हो. सहज उघडले का? नाही. दुसऱ्या प्रश्नावर वर्ग अडखळला, तर ‘मॅनेज्ड’ कळलेले नाही. मातृभाषेत अर्थ सांगून दोन मिनिटे वाचत असतील, तर तो जरूर सांगावा. मातृभाषेवर सरसकट बंदी घातल्याने विद्यार्थी गप्प बसतात, इंग्रजीत विचार करू लागत नाहीत.

एक पाठ जवळून. ऑस्ट्रेलियातील रूथ वाजनरिब यांच्या १९९० मधील पुस्तकाने रूढ झालेली पुनर्रचनेची श्रुतलेखन पद्धत ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे ही चारही कौशल्ये एका तासात वापरते. साठ ते ऐंशी शब्दांचा उतारा घ्यावा आणि त्यातले नवे दोन-तीन शब्द आधी सांगावेत. पहिल्या वाचनाला लेखण्या खाली ठेवाव्यात; दुसऱ्या वाचनाला फक्त महत्त्वाचे शब्द टिपावेत. दोन्ही वाचने नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने करावीत. नंतर तिघातिघांच्या गटांनी टिपणांवरून पंधरा मिनिटांत पूर्ण उतारा उभा करावा : शब्द तेच असण्याची गरज नाही, अर्थ आणि व्याकरण बरोबर हवे.

समजा, उताऱ्यात आहे : ‘अ मॅन फाउंड अ वॉलेट ऑन अ बस. ही टुक द वॉलेट टु द ड्रायव्हर.’ टिपणात उरते ‘मॅन, फाउंड, वॉलेट, बस, टुक, ड्रायव्हर’. उपपदे कोणीच टिपलेली नसतात, म्हणून गटात वाद होतो तो नेमका तिथेच. पाकिटाचा उल्लेख पहिल्यांदा आला म्हणून ‘अ’, दुसऱ्यांदा आला म्हणून ‘द’, इथपर्यंत बरेच जण पोहोचतात. मग ड्रायव्हर पहिल्यांदाच आला असूनही ‘द’ का? कारण बसला एकच ड्रायव्हर असतो आणि बस म्हटल्याबरोबर तो ऐकणाऱ्याच्या मनात येतोच. ‘पहिल्यांदा अ, नंतर द’ हा पाठ्यपुस्तकी नियम इथे अपुरा पडतो. खरा प्रश्न असतो : कोणता ते ऐकणाऱ्याला कळले आहे का? हा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतः गाठला, तर उपपदांवरच्या दहा रिकाम्या जागा भरण्यापेक्षा त्यांचे अधिक भले होते.

ही पद्धत फसते ती तीन ठिकाणी. शिक्षक हळू वाचू लागला की विद्यार्थी प्रत्येक शब्द उतरवतात आणि पुनर्रचनेला काही उरत नाही. उतारा शंभर शब्दांपलीकडे गेला की टिपणे तुटक राहून गट हताश होतात. तिसरे म्हणजे, गटातला हुशार विद्यार्थी एकटाच सगळे लिहून मोकळा होतो. म्हणून लेखणी नेहमी गटातल्या सर्वांत कच्च्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, म्हणजे बाकीच्यांना प्रत्येक वाक्य त्याला मोठ्याने सांगावे आणि पटवावे लागते.