ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेतील स्वच्छ कक्ष

वनस्पतीच्या कोंबाचा लहानसा तुकडा बाटलीतील पोषक माध्यमावर वाढवून त्यापासून एकसारखी असंख्य रोपे तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत, ज्या खोलीतील हवा गाळलेली, दाब राखलेला आणि माणसांची ये-जा मोजकी असते, तिला स्वच्छ कक्ष म्हणतात. बाटल्या उघडण्याचे आणि रोपांचे तुकडे करून नव्या माध्यमावर लावण्याचे सर्व काम याच खोलीत, लॅमिनार प्रवाहाच्या, म्हणजे गाळलेली हवा एकाच दिशेने संथ वाहणाऱ्या, टेबलापुढे बसून केले जाते. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, कराड या ऊसपट्ट्यात उसाची व केळीची आणि महाबळेश्वर परिसरात स्ट्रॉबेरीची निरोगी रोपे ही शेतकऱ्याची गरज असल्याने सांगली व सातारा या जिल्ह्यांत हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

संदूषणाचे, म्हणजे बाटलीत नको ते सूक्ष्मजीव वाढण्याचे, मूळ कारण माध्यमातच आहे. मुराशिगे व स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेल्या आणि आजही सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या माध्यमात क्षारांबरोबर लिटरमागे साधारण ३० ग्रॅम साखर असते. ती हिरव्या तुकड्यासाठी घातलेली असली, तरी बुरशीला व जीवाणूंनाही तितकीच मानवते आणि त्यांची वाढ वनस्पतीपेक्षा कितीतरी वेगवान असते. ॲस्परजिलस किंवा पेनिसिलियम बुरशीचा एखादा बीजाणू आत गेला, तर काही दिवसांत बाटली काळी-हिरवी होते. अशी बाटली निदान दिसते तरी. न दिसणारे संदूषण अधिक महागात पडते, कारण प्रत्येक पुनर्रोपणात एका बाटलीच्या अनेक बाटल्या होतात आणि त्यांतून लपलेला जीवाणूही पटीने वाढत जातो.

हवा एकाच दिशेने, समान वेगाने वाहती ठेवून कण बाहेर ढकलण्याची आजची पद्धत अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतील विलिस व्हिटफील्ड यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस विकसित केली. तिच्यासाठी लागणारी हेपा गाळणी ०.३ मायक्रोमीटर आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवते. वर उल्लेखिलेल्या बुरशींचे बीजाणू याहून बरेच मोठे, साधारण २ ते ५ मायक्रोमीटरचे असल्याने गाळणी धड असेल तर तिच्यातून ते सहसा येत नाहीत. ते येतात दारातून, कपड्यांवरून आणि गाळणीच्या चौकटीभोवतीच्या फटीतून. स्वच्छ कक्षांच्या आयएसओ १४६४४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पाचव्या वर्गाच्या हवेत ०.५ मायक्रोमीटर व त्याहून मोठे कण घनमीटरमागे ३,५२० पर्यंत चालतात, तर सातव्या वर्गात ३,५२,००० पर्यंत. ऊतिसंवर्धनात पाचवा वर्ग फक्त टेबलावरच्या प्रवाहात अपेक्षित असतो. भोवतालची खोली त्याहून शिथिल वर्गाची असली तरी चालते. म्हणजे या खोलीत निर्जंतुक जागा तेवढी टेबलावरची, आणि तीही प्रवाह अडला नाही तोवर.

या दोन जिल्ह्यांत बाहेरची हवा वर्षभर एकसारखी नसते. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून बगॅसची (उसाच्या चिपाडाची) हलकी राख दूरवर उडते, जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात धुळीचे लोट उठतात, तर पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात पावसाळ्यातील दमटपणामुळे भिंतींवरच बुरशी चढते. त्यामुळे हेपाच्या आधीच्या प्राथमिक गाळण्या कधी धुवायच्या याचे वेळापत्रक उत्पादकाच्या पुस्तिकेवरून नव्हे, तर गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक पाहून ठरवणे शहाणपणाचे. खोलीचा दाब शेजारच्या खोलीपेक्षा १० ते १५ पास्कल अधिक ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी हवा आतून बाहेर जाते. वीज गेली की हा दाब जातो. अशा वेळी हातातील बाटली बंद करून काम थांबवणे, दारे न उघडणे आणि पुरवठा आल्यावर पंखे किमान पंधरा-वीस मिनिटे चालू देऊन टेबल पुन्हा पुसणे आवश्यक असते. जनित्र आहे म्हणून ही विश्रांती वगळणे चूक आहे, कारण जनित्र सुरू होईपर्यंतच्या अवधीतही प्रवाह थांबलेला असतो.

तरीही कक्षातील कणांचा सर्वांत मोठा उगम माणूस हाच असतो. त्वचेची खपली, केस, कापडाचे तंतू आणि बोलताना उडणारे थेंब यांतून हालचाल करणारी व्यक्ती सतत कण सोडत असते. म्हणून चपला बाहेरच्या खोलीत ठेवून, हात कोपरापर्यंत धुऊन, आधी टोपी व मुखपट्टी, मग झगा, पायांची आवरणे आणि शेवटी हातमोजे असा वरून खाली क्रम पाळतात. रोपणाचे काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते; बांगड्या, अंगठ्या, गजरा, टिकली, पावडर यांबाबतचा नियम कामावर घेतानाच स्पष्ट सांगावा आणि दागिने ठेवायला कुलपाचा खण द्यावा, म्हणजे दाराशी रोजचे वाद होत नाहीत. सर्दी-खोकला किंवा हाताला जखम असलेल्याने आत जाऊ नये हा नियम बहुतेक ठिकाणी भिंतीवर लिहिलेला असतो. पण सुट्टी घेतली की त्या दिवसाची मजुरी बुडत असेल, तर खोकला दडवला जाणारच. अशा दिवशी बाटल्या धुण्याचे किंवा लेबले लावण्याचे काम त्याच मजुरीवर देणे हा संदूषण रोखण्याचा स्वस्त उपाय आहे.

प्रत्यक्ष कामात टेबल, हात व बाटल्यांचा बाह्यभाग ७० टक्के अल्कोहोलने पुसतात. शुद्ध अल्कोहोलपेक्षा हे मिश्रण अधिक प्रभावी ठरते, कारण जंतूंच्या प्रथिनांची रचना मोडायला पाणी लागते. मात्र जीवाणूंचे बीजाणू त्याने मरत नाहीत. चिमटे व पाती सुमारे २५०° सेल्सिअसला तापलेल्या काचमण्यांत निर्जंतुक करतात. उघड्या बाटलीवरून हात नेऊ नये, गाळणी आणि बाटली यांच्यामध्ये काही ठेवू नये आणि संशयित बाटल्यांचे काम दिवसाच्या शेवटी करावे. बुरशी आलेली बाटली तिथेच उघडून पाहण्याचा मोह सर्वांत घातक. ती झाकणासह १२१° सेल्सिअसला ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक) करूनच धुवायला द्यावी. साखरेच्या वासाने येणाऱ्या मुंग्या आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कोळी (माइट) हेही बीजाणू बाटलीतून बाटलीत नेतात, त्यामुळे वाढकक्षातील मांडण्यांकडे लक्ष ठेवावे लागते.

आडव्या लॅमिनार प्रवाहाची हवा रोपावरून थेट काम करणाऱ्याच्या तोंडाकडे येते. हे टेबल रोपाला जपते, माणसाला नाही. ही गोष्ट प्रशिक्षणात जितक्या ठळकपणे सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही. रोगकारक जीवाणू किंवा विषारी बाष्पे असलेले काम त्यापुढे कधीच करू नये; रोगजंतूंसाठी जैवसुरक्षा कपाट आणि बाष्पांसाठी धूरकपाट लागते. अल्कोहोलची फवारणी सुरू असताना जवळ स्पिरिटचा दिवा पेटलेला असणे हे आगीचे नेहमीचे कारण असून अल्कोहोलची ज्योत उजेडात जेमतेम दिसते. कोंबांचा पृष्ठभाग निर्जंतुक करण्यास मर्क्युरिक क्लोराइडचे ०.१ टक्के द्रावण अनेक ठिकाणी वापरले जाते. ते अत्यंत विषारी आहे आणि वापरलेले द्रावण मोरीत सोडल्यास पारा ओढ्या-नाल्यांतून शेवटी नदीत जातो. ते वेगळ्या लेबल लावलेल्या कॅनमध्ये साठवून अधिकृत विल्हेवाटीसाठी द्यावे, आणि जेथे सोडियम हायपोक्लोराइटवर भागते तेथे पारा वापरूच नये. हायपोक्लोराइट मात्र आम्लाशी मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. फॉर्मॅलिन व पोटॅशियम परमँगनेट यांची धुरी देण्याची जुनी पद्धतही सोडण्याजोगी आहे, कारण फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेले असून हायड्रोजन पेरॉक्साइडचा पर्याय उपलब्ध आहे. २५४ नॅनोमीटरचे अतिनील दिवे माणूस आत असताना लावल्यास डोळे व त्वचा भाजते. शिवाय त्यांचा किरण सावलीतील जागेवर पोहोचत नाही, म्हणून ते पुसण्याची जागा घेऊ शकत नाहीत.

कक्षाची स्थिती तपासण्यासाठी पोषक अगारच्या (जीवाणू-बुरशी वाढू देणाऱ्या जेलीच्या) उघड्या बशा ठरावीक वेळ ठेवून त्यांवर उगवलेल्या वसाहती मोजतात आणि खराब बाटल्यांची नोंद टेबल, कामगार व माध्यमाचा घाण (एका वेळी तयार केलेला साठा) यांनुसार ठेवतात. एकाच घाणातील बाटल्या सर्व टेबलांवर खराब झाल्या तर दोष ऑटोक्लेव्हकडे, एकाच टेबलावरच्या झाल्या तर गाळणीकडे किंवा हातांकडे शोधावा. वनस्पतीच्या ऊतींमध्येच राहणारे जीवाणू मात्र अनेक पुनर्रोपणांनंतर बाटलीच्या तळाशी दुधी वलयाच्या रूपाने प्रकटतात आणि कोणत्याही पृष्ठभागीय उपचाराने जात नाहीत. विषाणू तर माध्यमावर कधीच दिसत नाहीत. केळीवरील पर्णगुच्छ किंवा उसावरील मोझॅक यांनी ग्रस्त मातृरोपापासून अगदी निर्मळ दिसणाऱ्या हजारो बाटल्या तयार होऊ शकतात. यासाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था चालवली असून तिच्यात मातृसामग्रीची विषाणू-चाचणी व रोपांची जनुकीय एकरूपता तपासली जाते. ही चाचणी तुकडा स्वच्छ कक्षात येण्यापूर्वी व्हावी लागते.