ब्रिटिश रेडिओचा दिवस असा कसा घडला

१९५० च्या आसपास ब्रिटनमध्ये रेडिओ म्हणजे बीबीसी. देशात दुसरं अधिकृत केंद्रच नव्हतं. जाहिराती नव्हत्या, सगळा खर्च रेडिओ ऐकण्यासाठी काढाव्या लागणाऱ्या परवान्याच्या पैशातून चाले. हा परवाना १९४६ पासून वर्षाला एक पौंड झाला होता आणि १९५० मध्ये परवान्यांची संख्या १ कोटी २० लाखांच्या घरात होती. गिरणी कामगारापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांनी सारखेच पैसे भरलेले, त्यामुळे दिवसभरात प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी येणं भागच होतं. त्या काळातल्या एखाद्या साध्या मंगळवारचं कार्यक्रमपत्रक वाचलं, की प्रार्थना, शेतीविषयक माहिती, शाळेचे पाठ, नाचाचं संगीत, विनोदी कार्यक्रम आणि रात्री उशिरा मोजक्या वादकांचं चेंबर संगीत असा सगळा ऐवज एका दिवसात दिसतो. ही सरमिसळ ठरवून केलेली होती.

तिची सुरुवात जॉन रीथ यांच्यापासून होते. १९२२ मध्ये बीबीसी कंपनी म्हणून सुरू झाली, १ जानेवारी १९२७ रोजी तिचं महामंडळ झालं आणि रीथ पहिले महासंचालक झाले. गाण्यासाठी रेडिओ लावणाऱ्याच्या कानावर नकळत एखादं चांगलं व्याख्यानही पडावं, ही त्यांची धारणा. हेतू चांगला होता, पण रविवारी मात्र त्यांनी फार ताणलं. त्या दिवशी धार्मिक आणि गंभीर कार्यक्रमांशिवाय फारसं काही नसे. परिणामी तिसाव्या दशकात लोक रविवारी रेडिओ लक्झेंबर्ग आणि रेडिओ नॉर्मंडी या परदेशातून ऐकू येणाऱ्या केंद्रांकडे वळले. श्रोत्याला काय हवं आहे हे तेव्हाच दिसलं होतं, पण बीबीसीने ते मनावर घेतलं युद्ध आल्यावर.

सप्टेंबर १९३९ मध्ये बीबीसीची सगळी केंद्रं एकत्र करून ‘होम सर्व्हिस’ ही एकच वाहिनी ठेवली गेली. तिकडे फ्रान्समध्ये तळ ठोकून बसलेले सैनिक बराकीत घोळक्याने, गप्पा मारत, पत्ते खेळत रेडिओ ऐकत. अशा श्रोत्यांपुढे गंभीर भाषण टिकेना. म्हणून १९४० च्या सुरुवातीला त्यांच्यासाठी हलकाफुलका फोर्सेस प्रोग्रॅम सुरू झाला आणि बघता बघता घरोघरीही तोच जास्त ऐकला जाऊ लागला. माझ्या मते ब्रिटिश रेडिओच्या इतिहासातलं खरं वळण हेच. कामात असताना, अर्धं लक्ष देऊन रेडिओ ऐकणंही योग्यच आहे, हे बीबीसीने पहिल्यांदा मान्य केलं.

त्याच वर्षी जूनमध्ये कारखान्यांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ सुरू झालं. दारूगोळा आणि विमानं बनवणाऱ्या कामगारांचा वेग टिकून राहावा म्हणून सकाळी अर्धा तास आणि दुपारी अर्धा तास सलग वादन. निवेदन जेमतेम. आवाज मध्येच कमी-जास्त व्हायचा नाही, कारण हळू भाग यंत्रांच्या खडखडाटात बुडून जाई. रेंगाळणारे वॉल्ट्झ नकोत. मध्ये टाळ्यांचा ठेका असलेलं एक लोकप्रिय अमेरिकन गाणं तर वर्ज्यच होतं, कारण कामगार हातातली हत्यारं आपटून साथ देत. युद्ध संपलं तरी हा कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला.

स्वयंपाकघराचंही तसंच. रेशनिंगच्या दिवसांत सकाळी आठच्या बातम्यांनंतर ‘द किचन फ्रंट’ लागे. थोडक्या शिध्यात काय रांधायचं, ते त्यात सांगत. आपल्या कोल्हापूरकडच्या वेणू चितळे त्याच काळात बीबीसीच्या पूर्व विभागात जॉर्ज ऑरवेल यांच्यासोबत काम करत होत्या. १९४२ मध्ये बीबीसीचं मराठी प्रसारणही सुरू झालं. या बाईंची आठवण आपल्याकडे फार कमी काढली जाते, याचं वाईट वाटतं.

शांतता आल्यावर महासंचालक विल्यम हेली यांनी तीन वाटा आखल्या. होम सर्व्हिस राहिली, जुलै १९४५ मध्ये हलक्याफुलक्या करमणुकीचा लाइट प्रोग्रॅम आला आणि सप्टेंबर १९४६ मध्ये फक्त संध्याकाळी चालणारा, अभिजात संगीत आणि गंभीर विषयांचा थर्ड प्रोग्रॅम. श्रोता लाइटवरून होमकडे, होमवरून थर्डकडे चढत जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती. तसं फारसं घडलं नाही. बहुतेक लोक लाइटवरच रमले.

लाइटचा दिवस घराच्या घड्याळावर बेतलेला होता. सकाळी नऊनंतर ‘हाउसवाइव्हज चॉइस’मध्ये फर्माइशी. पावणेदोनला लहानग्यांसाठी ‘लिसन विथ मदर’, म्हणजे आई आणि मूल दोघं एका जागी बसणार. लगेच दोनला ‘वुमन्स अवर’, ज्याचा पहिला निवेदक १९४६ मध्ये चक्क पुरुष होता. चारला एका डॉक्टरच्या बायकोची रोजनिशी, ‘मिसेस डेल्स डायरी’. पाचला होम सर्व्हिसवर मुलांचा तास. आणि १९५१ पासून संध्याकाळी पावणेसातला ‘द आर्चर्स’. ही ग्रामीण मालिका शेती खात्याच्या सल्ल्याने आखलेली. धान्य अजून अपुरं होतं, म्हणून गोष्टीच्या ओघात शेतकऱ्याला नव्या पद्धती कळाव्यात, हा उद्देश.

दिवसभराच्या या कार्यक्रमांत इतके वाद्यवृंद का, याचं कारण व्यवहारातलं आहे. ध्वनिमुद्रिका किती तास वाजवायच्या यावर करारानेच मर्यादा होती, त्यामुळे वादक प्रत्यक्ष बसवावे लागत. विनोदी कार्यक्रमांतही मधूनमधून बँड असे. मे १९५१ मध्ये होम सर्व्हिसवर आलेल्या ‘गून शो’तही तेच. त्याचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन १९१८ साली अहमदनगरला जन्मला आणि पुण्यात वाढला. वडील ब्रिटिश लष्करात होते.

२२ सप्टेंबर १९५५ रोजी व्यावसायिक दूरचित्रवाणी सुरू झाली. त्याच संध्याकाळी ‘द आर्चर्स’मध्ये तबेल्याला आग लागून ग्रेस आर्चर दगावली. श्रोते हळहळले, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतही तिचीच चर्चा होती. पण दूरचित्रवाणीकडचा ओघ थांबला नाही. १९५७ मध्ये थर्डचे तास कापले गेले, आणि १९५८ मध्ये दूरचित्रवाणीचे परवाने नुसत्या रेडिओच्या परवान्यांपेक्षा जास्त झाले. ३० सप्टेंबर १९६७ रोजी लाइट, थर्ड आणि होम यांची नावं अनुक्रमे रेडिओ २, ३ आणि ४ झाली आणि पॉप संगीतासाठी रेडिओ १ निघालं. ‘वुमन्स अवर’ आणि ‘द आर्चर्स’ आजही रेडिओ ४ वर लागतात.