शंभर जणांची सोडत

१९८३च्या आठव्या घटनादुरुस्तीने आयर्लंडमध्ये गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क दिला. परिणामी गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आली आणि पुढची तीन दशकं या निखाऱ्याला हात लावायला राजकारणी कचरत राहिले. अखेर २०१६ मध्ये हा प्रश्न ९९ सामान्य नागरिकांच्या सभेपुढे ठेवला गेला. अध्यक्षस्थानी होत्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लॅफॉय. पाच शनिवार-रविवार या मंडळींनी डॉक्टर, वकील आणि दोन्ही बाजूंच्या संघटनांचं म्हणणं ऐकलं, आपसांत चर्चा केली आणि बहुमताने बंदी उठवण्याकडे कौल दिला. २०१८च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनीही तेच सांगितलं.

अशा सभांबद्दल लिहिताना सगळे चर्चेचं कौतुक करतात. मला मात्र त्याआधीची पायरी जास्त रंजक वाटते: हे ९९ जण आणायचे कुठून?

सोडत काढून, हे उत्तर जुनंच आहे. प्राचीन अथेन्समध्ये पाचशे जणांचं मंडळ सोडतीनेच नेमलं जाई. ज्युरी निवडायला तर खाचा पाडलेलं दगडी यंत्रही होतं. (स्त्रिया आणि गुलाम या सोडतीत नव्हतेच, त्यामुळे अथेन्सचे गोडवे बेतानेच गावेत.) पण निव्वळ सोडत लहान गटात दगा देते. ज्या देशात निम्म्या स्त्रिया आहेत, तिथे १०० नावं काढली तर साधारण दर अठरा सोडतींपैकी एकीत स्त्रियांची संख्या ४० किंवा त्याहून कमी, नाहीतर ६० किंवा त्याहून जास्त निघते. लोकसंख्येत एक टक्का असलेल्या समाजाचा एकही माणूस शंभरांत नसण्याची शक्यता तर ३७ टक्के! म्हणून वय, लिंग, शिक्षण, प्रदेश यांचे कोटे ठरवावे लागतात.

खरी अडचण पुढेच आहे. पत्र मिळालं म्हणून माणूस येत नाही. ब्रिटनच्या हवामानविषयक नागरिक सभेसाठी ३०,००० घरांना पत्रं गेली, होकार आले सतराशेच्या आसपास आणि त्यांतून निवडायचे होते ११०. होकार देणाऱ्यांत शिकलेले आणि विषयात आधीच रस असलेले लोक जास्त असतात. त्यामुळे त्या सभेने हवामानबदलाची किती काळजी वाटते, याचाही कोटा ठेवला.

आता पेच असा, की कोटे पाळायचे तर प्रत्येकाला समान संधी देता येत नाही. कमी शिकलेल्या तरुणांनी मोजकेच होकार पाठवले असतील, तर त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण निवडला जातो. पदवीधर ज्येष्ठांना मात्र रांगेत राहावं लागतं. एवढी विषमता टळत नाही. पण जुन्या संगणकीय पद्धती नकळत त्यापलीकडे जात: काही जणांची निवड होण्याची शक्यता जवळपास शून्यावर येई आणि कुणाच्या ते लक्षातही येत नसे. २०२१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात यावर तोड प्रसिद्ध झाली. कोटे पाळणारे अनेक संभाव्य गट संगणकाने बनवायचे आणि त्यांच्यातली सोडत अशी बेतायची, की सर्वांत कमी संधी असलेल्याची संधी जमेल तितकी वाढेल. मग त्याच्या वरच्याची, मग त्याच्याही वरच्याची. असे हजार गट क्रमांक देऊन आधीच जाहीर केले, तर अखेरची सोडत लोकांसमोर चेंडू काढूनही करता येते. मला हा भाग फार आवडतो, कारण संगणकावर विश्वास नसलेल्यालाही चेंडू दिसतो.

पुढे सभेच्या शिफारशीचं काय होतं, हे मात्र कुठल्याच गणिताच्या हातात नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २००४ मध्ये १६० नागरिकांनी नवी मतदानपद्धत सुचवली. पुढच्या वर्षीच्या सार्वमतात तिला ५७.७ टक्के मतं पडली. सरकारने आधीच घातलेली अट ६० टक्क्यांची होती, म्हणून पद्धत बारगळली. आइसलँडमध्ये २०१२ च्या सार्वमतात दोन तृतीयांश मतदारांनी नव्या घटनेच्या मसुद्याला पसंती दिली, पण ते सार्वमत सल्लावजा होतं आणि संसदेने मसुदा मंजूर केलाच नाही.

आयर्लंडनेही २०२४ मध्ये ठेच खाल्ली. घरातल्यांची देखभाल करणाऱ्यांना आधार देण्यासाठी सरकारने वाजवी पावलं उचलणं बंधनकारक असावं, असं नागरिक सभेने सुचवलं होतं. सरकारने ते पातळ करून ‘प्रयत्न करील’ इतकंच घटनेत घालायचं ठरवलं. त्या मजकुराला ७३.९ टक्के मतदारांनी नकार दिला. मूळ शिफारशीवर मत द्यायची संधी त्यांना मिळालीच नाही.