गुरुजींचं पान शेवटी

पुढे संगीतकार म्हणून गाजलेला इगोर स्ट्राव्हिन्स्की विशीत असताना सेंट पीटर्सबर्गमध्ये संगीतकार निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्याकडे शिकायला जायचा, तेव्हा गुरुजी त्याच्या हाती 'पान व्होयेवोदा' या आपल्या ऑपेराची काही पानं द्यायचे. नुसती पियानोसाठी लिहिलेली. त्यातलं फ्लूटला काय, हॉर्नला काय, व्हायोलिननी कुठे गप्प बसायचं, हे शिष्याने ठरवून लिहून आणायचं. मग गुरुजी त्याच उताऱ्याचा स्वतःचा पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र लिहिलेली प्रत, काढत आणि विचारत, तुझं वेगळं का झालं? सांगता आलं नाही, तर ते सांगत.

ऑर्केस्ट्रेशन, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं हे ठरवण्याची कला, शिकण्याची ही रीत अजून टिकून आहे. आता गुरुजींच्या जागी बहुधा एखादा स्कोअरच असतो, आणि तो देब्युसी, राव्हेल, शोनबर्ग अशा संगीतकारांचा किंवा खुद्द स्ट्राव्हिन्स्कीचा असण्याची शक्यता फार.

पाठ्यपुस्तकं आधीही होती. संगीतकार बर्लियोझचा या विषयावरचा ग्रंथ १८४४ चा. रिशार्ट स्ट्राउसने वाग्नरची उदाहरणं घालून १९०५ मध्ये तो नव्याने काढला. रिम्स्की-कोर्साकोव्ह यांचं पुस्तक त्यांच्या मागे, १९१३ मध्ये, जावई माक्सिमिलियान श्टाइनबेर्ग यांनी सिद्ध करून छापलं. त्यातली उदाहरणं झाडून सारी त्यांच्या स्वतःच्या रचनांतली. आत्मप्रौढी म्हणा हवं तर. पण नौदलाच्या बँडचे निरीक्षक असताना या माणसाने फुंकवाद्यं हाताळून पाहिली होती, आणि आपण काय केलं नि का केलं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. अशी पुस्तकं वाद्याचा आवाका सांगतात, चांगल्या सवयी लावतात. पुढच्या पिढीने त्याच सवयी मोडल्या, आणि त्या कशा मोडल्या हे पाहायला स्कोअरच उघडावा लागतो.

देब्युसीच्या 'फॉन' या १८९४ च्या ऑर्केस्ट्रा-रचनेत ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, टिम्पनी नाहीतच. सुरुवातीला एकटा फ्लूट, साथीला कुणी नाही. तीच चाल पुढे पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी तिच्याखालची जमीन बदललेली असते. शोनबर्गने १९०९ मध्ये आणखी टोक गाठलं. 'ओपस १६' या ऑर्केस्ट्रा-रचनेच्या पाच तुकड्यांपैकी तिसऱ्यात सुरुवातीला चाल म्हणावी असं काही नाही; पाच स्वरांचा एक कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरपुंज, धरलेला. फ्लूट, क्लॅरिनेट, बसून, व्हिओला तो सोडतात न सोडतात तोच इंग्लिश हॉर्न, हॉर्न, ट्रम्पेट वगैरे मंडळी उचलतात. स्वर तेच, बदलते ती नादाची जात. हे पियानोवर वाजवून पाहा. हाती काहीच लागत नाही.

स्ट्राव्हिन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'चं उलट आहे. १९१३ मध्ये पॅरिसला गदारोळ झाला ती ही रचना पियानोवरही अंगावर येते. प्रयोगाच्या आदल्या वर्षी देब्युसी आणि स्ट्राव्हिन्स्की यांनी समीक्षक लुई लालुआ यांच्या घरी ती चार हातांनी वाजवली होती. गंमत म्हणजे १९१३ मध्ये छापली गेली तीही हीच चार हातांची प्रत. पूर्ण स्कोअर थेट १९२१ मध्ये आला. म्हणजे मधली आठ वर्षं कुणालाही रिम्स्कींचा तो गृहपाठ करता आला असता. बसूनसारखं खर्जातलं वाद्य सुरुवातीलाच त्याच्या अगदी वरच्या टोकाला न्यावं, हे त्यातल्या किती जणांना सुचलं असतं? पुढे तंतुवाद्यं एकच कॉर्ड बडवत राहतात, तिथे प्रत्येक ठोक्यावर गज खालीच ओढायची खूण आहे. एरवी गज खाली-वर असा फिरतो. इथे दर वेळी उचलून पुन्हा घाव घालायचा, आणि आठ हॉर्न भलत्याच ठिकाणी त्यात दणका देणार. पियानोच्या प्रतीत ठोके आहेत, गज कुठून असणार?

लाइपझिगच्या ऑयलेनबुर्ग या प्रकाशकाचे पिवळ्या वेष्टनाचे खिशात मावणारे स्कोअर आले, तसा हा अभ्यास ऑर्केस्ट्राच्या गावात न राहणाऱ्यांनाही जमू लागला. आपल्याकडचा धागा पॅरिसमधून येतो. मुंबईचे वनराज भाटिया, म्हणजे 'भूमिका' आणि 'तमस'चे संगीतकार, १९५० च्या दशकात तिथल्या संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे शिकले. बुलांजेबाईंच्या वर्गात स्कोअर उलगडून पाहणं नित्याचं, आणि स्ट्राव्हिन्स्की त्यांचा स्नेही. त्याच्या 'डम्बार्टन ओक्स' या रचनेचा पहिला प्रयोग १९३८ मध्ये त्यांनीच संचलित केला होता.

मराठी वाचकाने मात्र पहिलं पान राव्हेलच्या १९२८ च्या 'बोलेरो'चं उघडावं, असं माझं मत. तानपुऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. राव्हेलने तो गंधार चक्क लिहून काढला आहे. चाल हॉर्नकडे. चेलेस्टा, म्हणजे घंटीसारखा आवाज देणारं पट्ट्यांचं वाद्य, तीच चाल वरच्या सप्तकांत धरतो. आणि वर दोन पिकोलो, म्हणजे छोटे, उंच स्वराचे फ्लूट: एक चालीच्या पंचमावरून, दुसरा गंधारावरून, सगळे समांतर चाललेले. कागदावर पिकोलोंच्या ओळींना स्वतंत्र स्वरचिन्हं आहेत, जणू तिघे तीन पट्ट्यांत गातायत. आवाज मात्र हॉर्नपेक्षा दबका ठेवायचा. नीट जमलं तर पिकोलो ऐकूच येत नाहीत. हॉर्न गायब होतो आणि कुठूनतरी ऑर्गन वाजू लागतो. एक पिकोलो जरा जोरात गेला, की सगळा सांधा उघडा पडतो.