कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने : प्रोग्रॅमिंग आणि इंटरनेटचा वापर

मोठ्या भाषा-प्रारूपांवर (प्रचंड मजकुरावरून शिकून नवा मजकूर तयार करणाऱ्या संगणकीय प्रणालींवर) चालणारी साधने प्रोग्रॅम लिहिण्यासाठी व इंटरनेटवर माहिती शोधण्यासाठी २०२१ नंतर झपाट्याने रूढ झाली. गूगलमधील संशोधकांनी २०१७ साली मांडलेली 'ट्रान्सफॉर्मर' ही रचना त्यांच्या मुळाशी आहे. कोड (प्रोग्रॅममधील लिखित सूचना) हाही काटेकोर व्याकरण असलेला मजकूरच असल्याने आणि तो मुक्त स्रोत (ज्यांचा कोड कोणालाही पाहता व वापरता येतो अशा) प्रकल्पांमधून विपुल प्रमाणात उपलब्ध असल्याने या प्रारूपांचा उपयोग प्रोग्रॅमरांना लवकर झाला. गिटहब कोपायलट हे कोड सुचवणारे साधन जून २०२१ मध्ये चाचणी स्वरूपात आले, तेव्हा ते मुख्यतः अर्धवट लिहिलेली ओळ पूर्ण करून देत असे. पुढे आलेले 'एजंट' मात्र फायली वाचतात, त्यांत बदल करतात, चाचण्या चालवतात आणि आलेल्या चुका पाहून पुन्हा प्रयत्न करतात. साधनाने लिहिलेला कोड न वाचताच तो स्वीकारत जाण्याच्या पद्धतीला संगणकशास्त्रज्ञ आंद्रेय कार्पाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'व्हाइब कोडिंग' असे नाव दिले.

या बदलामुळे श्रम नाहीसे झाले असे म्हणण्यापेक्षा ते लिहिण्याकडून तपासण्याकडे सरकले असे म्हणणे अधिक योग्य ठरेल, आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासणे हे स्वतः लिहिण्यापेक्षा बहुधा कंटाळवाणे काम असते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षमता मोजणाऱ्या एमईटीआर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी मुक्त स्रोत प्रोग्रॅमरांवर केलेल्या प्रयोगात साधने वापरल्यावर कामाला १९ टक्के अधिक वेळ लागला. आपले काम सुमारे २० टक्के लवकर झाले, असे त्या प्रोग्रॅमरांना मात्र काम संपल्यावरही वाटत होते. प्रयोग लहान होता व तो सहभागींच्या ओळखीच्या, मोठ्या प्रकल्पांपुरता होता, त्यामुळे नवशिक्यांना तो लागू करता येत नाही.

तपासणीत निसटणाऱ्या चुकांचा एक प्रकार विशेष लक्षणीय आहे. साधन कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या, पण नाव अगदी खरे वाटेल अशा लायब्ररीची (तयार कोडसंचाची) आयात सुचवते. तेच नाव एखाद्याने पॅकेज-भांडारात (अशा लायब्ररी जिथून उतरवून घेतात तिथे) आधीच नोंदवून त्यात घातक कोड ठेवला असेल, तर इन्स्टॉलची एक आज्ञा देताच तो वापरकर्त्याच्या संगणकावर पोहोचतो.

सामान्य वापरकर्त्याला हा बदल प्रामुख्याने शोधयंत्रात दिसतो. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी खुले झाले आणि मे २०२४ पासून गूगलने अमेरिकेत शोधनिकालांच्या वर तयार सारांश सर्वांसाठी दाखवण्यास सुरुवात केली. उत्तर तिथेच मिळाल्याने मूळ पान उघडण्याची गरज अनेकदा उरत नाही. पण ज्यांच्या मजकुरावरून ते उत्तर बनते त्या संकेतस्थळांचे उत्पन्न वाचकांच्या भेटींवरच अवलंबून असते. कोणती पाने यंत्रांनी (संकेतस्थळे आपोआप वाचत जाणाऱ्या प्रोग्रॅमांनी) वाचू नयेत हे सांगणारी 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' ही फाईल १९९४ पासून प्रचारात असली, तरी ती पाळणे ऐच्छिक असल्याने अनेक संकेतस्थळे आता अशा यंत्रांना सर्व्हरवरच अडवतात.