बांध तिथे भिंत

लातूरच्या गंजगोलाई या बाजारपेठेच्या चौकाला सोळा रस्ते येऊन मिळतात. मधली दुमजली इमारत १९१७ची, चौकाचा आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. शंभर वर्षांत भोवतालची दुकानं बदलली, रस्त्यांची मांडणी तीच राहिली. घर पाडून नवं बांधता येतं. रस्त्याची रेघ एकदा पडली की सहसा हलत नाही. म्हणून शहराच्या कडेला आज जे रस्ते पडताहेत, त्यांच्याकडे संशोधकांचं लक्ष असतं.

रस्ते एकमेकांना किती जोडलेले आहेत, हे मोजणं अवघड नाही. रस्ता जिथे संपतो किंवा फुटतो, तिथले फाटे मोजायचे: बंद गल्लीच्या टोकाला एक, तिठ्याला तीन, चौकाला चार. सरासरी जितकी जास्त, तितके रस्ते जास्त जोडलेले. दुसरं माप वळशाचं. काटकोनी जाळ्यात कुठूनही कुठेही जा, चालणं सरळ रेषेतल्या अंतराच्या साधारण १.४१ पटीच्या वर जात नाही. बंद गल्ल्यांच्या वस्तीत मात्र पाठीला पाठ लावलेल्या दोन घरांमध्ये किलोमीटरभराचा फेरा पडू शकतो. रुंदीचा इथे संबंध नाही. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीच्या आसपासच्या गल्ल्या अरुंद, वाकड्यातिकड्या. तरी बहुतेक गल्ल्या एकीतून दुसरीत निघतात.

क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या संशोधकांनी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा आणि उपग्रहांची माहिती जुळवून जगभरच्या शहरांची अशी मोजणी केली. २०२०च्या त्यांच्या निष्कर्षानुसार १९७५नंतर वाढलेल्या वस्त्यांतले रस्ते जगाच्या बऱ्याच भागांत अधिकाधिक तुटक होत गेले. अमेरिकेत हा तुटकपणा १९९०च्या दशकात शिगेला पोचून मग उतरू लागला.

अमेरिकेतल्या बंद गल्ल्या मुद्दाम आखलेल्या, घरासमोरून परकी वाहनं जाऊ नयेत म्हणून. आपल्याकडे त्या आखत नाहीत, पडतात. शहरालगतचं शेत विकायला निघतं ते गटागटाने, म्हणजे जमिनीच्या एकेका नोंदलेल्या तुकड्याने. या गटाचा मालक आज प्लॉट पाडतो, शेजारचा दहा वर्षांनी. प्रत्येकाचा लेआउट आपल्या बांधापाशी थांबतो, कारण रस्ता पुढे न्यायचा तर शेजाऱ्याची जमीन लागते आणि आपला एखादा प्लॉट कमी होतो. मग बांध होता तिथे कंपाउंडची भिंत येते. मध्ये नाला असेल तर पूल कोण बांधणार, हा आणखी एक घोळ. छत्रपती संभाजीनगरात सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाने १९७०च्या दशकापासून वसवलेला भाग आणि बीड बायपासपलीकडचा सातारा-देवळाई परिसर नकाशावर शेजारी ठेवून पाहा. फरक डोळ्यांनीच दिसतो. मंजुरीशिवाय पाडलेले असे प्लॉट २००१च्या गुंठेवारी कायद्याने नियमित करता येतात. त्याने कागद सरळ होतो, दोन लेआउट आपोआप जोडले जात नाहीत.

परिणाम मुख्य रस्त्यावर दिसतो. शेजारच्या कॉलनीत जायलासुद्धा आधी हमरस्त्यावर यावं लागतं, म्हणून लहानसहान फेऱ्याही तिथेच गोळा होतात. तो रुंद केला तरी दुसरी वाट काही तयार होत नाही. शाळा भिंतीपलीकडे असली तरी पोराला गाडीवर सोडावं लागतं. आत शिरलेला टँकर मागे मागे घेतच बाहेर काढावा लागतो.

बांध मोडायची सोय कायद्यात आहे. १९६६च्या नगररचना कायद्यातल्या नगररचना परियोजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून आधी रस्ते आखतात आणि उरलेल्या जागेतून प्रत्येकाला नवा प्लॉट देतात. काम किचकट, वर्षानुवर्षं रेंगाळणारं. पण वस्ती उभी राहण्याआधीच ते जमतं. नंतर जोडरस्ता काढायचा तर कुणाचं तरी घर पाडावं लागतं. वसलेल्या भागात निदान भिंतीतून पायवाट काढता येते. अनेक ठिकाणी लोकांनी चार विटा पाडून ती आधीच काढलेली असते, आणि पुढच्या डागडुजीत कुणीतरी ती पुन्हा बुजवतो.